वेळेआधी स्टॉप सोडायचा नाही

माणूस मूळचा पाण्यातला. तिथून तो चिखलात सरपटत काठावर आला, त्याला चाक सापडलं, चाकावर बसून त्याने जग पालथं घातलं आणि चाक मोडल्यावर उरलेलं अंतर तो पायांनी तोडू लागला. अखिल मानवजातीचा हा लक्षावधी वर्षांचा प्रवास जो एका सकाळीत, चार तासांच्या आत, स्वतःच्या देहावर पुन्हा घडवून दाखवतो, त्याला ट्रायथलॉनपटू म्हणावं.

हे वाक्य मला सुचलं तेव्हा मी तळ्याकाठच्या तात्पुरत्या संडासाबाहेर उभा होतो. माझ्या एका हातात साडूच्या चपला होत्या, दुसऱ्या हातात त्याची पँट होती, आणि आतून तो पुन्हा पुन्हा विचारत होता, "साडूभाऊ, सुटायची वेळ झाली का?"

"अजून अर्धा तास आहे."

"मग मी बाहेर येऊन काय करू?"

रांगेतल्या लोकांनी माझ्याकडे पाहिलं. मी पँटेची घडी घातली.

साडूची ओळख करून देतो. माझी बायको थोरली, त्याची बायको धाकटी, आणि दोघी बहिणींच्या मते नवऱ्यांच्या बाबतीत दोघींनाही सारखाच दगा झाला. आमच्यातला जिव्हाळा एवढ्यावरच उभा आहे. तो शहराच्या बससेवेत ड्रायव्हर. स्टेशन ते पाणीपुरवठा केंद्र हा सतरा नंबरचा मार्ग त्याने इतकी वर्षं चालवला की डेपोत त्याला कोणी नावाने हाक मारत नाही. "सतरा आला का?", "सतराला विचार", "सतराचं पोट सुटलंय" असं चालतं. त्याची बायको, म्हणजे माझी मेहुणी, त्याच बसवर कंडक्टर होती. तिने एकदा बेल मारली की हा थांबायचा, दोनदा मारली की निघायचा. या व्यवस्थेत भांडणाला जागा नाही हे लक्षात आल्यावर दोघांनी लग्न केलं. पुढे तिकिटांची यंत्रं आली, कंडक्टर गेले आणि मेहुणी पासच्या खिडकीवर बसू लागली. घरातली बेल मात्र तिने कोणाकडे सोपवली नाही.

जन्मभर बसून काम केलेला माणूस एवढा अस्वस्थ कसा, असं कोणी विचारेल. तर साडूचा बसण्याला विरोध नाही. बसलेली जागा हलत नाही, याला आहे. खुर्ची एका ठिकाणी उभी राहिली की पुढे काहीतरी अडलंय असं त्याला वाटतं आणि तो मान उंच करून बघतो. आमच्याकडे जेवायला आला की टेबलाखाली त्याचा उजवा पाय अखंड चालू असतो. कोणी वाढून घ्यायला झटकन हात पुढे केला की तो ब्रेक दाबतो. त्याच्या ठरलेल्या खुर्चीपुढची सतरंजी विरून गेली, तेव्हा माझ्या बायकोने तिथे जाड पायपुसणं टाकून विषय मिटवला.

अशा माणसाला डेपोच्या डॉक्टरने वार्षिक तपासणीत एका तिपाईवर चढायला-उतरायला सांगितलं. डावा, उजवा. डावा, उजवा. थोड्या वेळाने गिअर न पडल्यासारखा गुडघ्यातून आवाज आला आणि सतरा तिपाईवरच बसला. डॉक्टरने लिहिलं, हलकं काम द्यावं.

हलकं काम म्हणजे नियंत्रण कक्ष. तिथे भिंतभर पडदा असतो, पडद्यावर शहराचा नकाशा आणि नकाशावर ठिपके. एक ठिपका म्हणजे एक बस. आपण खुर्चीत बसायचं आणि ठिपके हलताना बघायचे. साडूला नमुन्यादाखल आठवडाभर तिथे बसवून पाहिलं. आठवड्याच्या शेवटी खुर्चीचं एक चाक निखळलं होतं, आणि सतरा नंबरचा ठिपका जिथे जिथे रेंगाळेल तिथे तिथे साडूने बोटाने ढकलल्यामुळे काचेवर तो सगळा मार्ग तेलकट उमटला होता.

तो कँटीनमध्ये डेपो मॅनेजरसाहेबांपुढे जाऊन उभा राहिला. "साहेब, मी तिथे मरेन."

"तिथे कोणी मरत नाही हो," साहेब म्हणाले. "तिथे रिटायर होतात."

"साहेब, मला गाडी द्या."

साहेब वाईट माणूस नव्हते. एवढंच की चार माणसं ऐकत असली की त्यांना विनोद करायचा मोह व्हायचा, आणि त्या दिवशी सगळं कँटीन ऐकत होतं. त्यांनी भिंतीवरच्या पोस्टरकडे चमचा रोखला. शहराची ट्रायथलॉन होती, आणि बससेवेनेही तिला हातभार लावलेला होता. "ती शर्यत दिसते? दीड किलोमीटर पोहायचं, चाळीस किलोमीटर सायकल, दहा किलोमीटर पळायचं. चार तासांत पुरी करून दाखवा. पदक माझ्या टेबलावर ठेवा, मी स्वतः फेरतपासणी लावतो. नाही जमलं तर मात्र मुकाट्याने ठिपके बघायचे."

कँटीन पोट धरून हसलं. सतरा पोस्टरजवळ गेला, ते वरपासून खालपर्यंत वाचून आला आणि म्हणाला, "कितीला सुटते?"

त्याला पोहता येत नव्हतं ही गोष्ट त्याला किरकोळ वाटली.

तरणतलावावरच्या शिकवणाऱ्या बाई कॉलेजातून नुकत्या बाहेर पडलेल्या होत्या आणि त्यांचा मानवजातीवर विश्वास होता. साडूने तो महिनाभरात बराच कमी केला. हात बरोबर, पाय बरोबर, पण श्वास घ्यायला मान वळवायची म्हटलं की हा गडी समोरच बघणार. "रस्त्यावरून नजर काढायची नाही," असं तो नाकातोंडातून पाणी काढत सांगायचा. शेवटी एक दिवस काठावर बसलेली मेहुणी ओरडली, "अहो, आरशात बघा!" त्याने झटकन उजवीकडे आरशात पाहिलं, तोंड पाण्याबाहेर आलं आणि श्वास आपोआप आत गेला. त्यानंतर दर तीन हातांनी तो आरशात बघत बघत तलावाच्या या टोकाचा त्या टोकाला जाऊ लागला. बाई म्हणाल्या, हे कुठल्या पुस्तकात नाही. मेहुणी म्हणाली, पुस्तक लिहिणाऱ्याने बस चालवलेली नसेल.

सायकलचा सराव तो पहाटे करायचा. शर्यतीचा सायकलमार्ग म्हणजे तळ्याच्या कडेचा रस्ता, म्हणजेच सतरा नंबरचा मार्ग. तो त्याला झोपेतही पाठ. पहिली बस सुटायच्या आत तो सराव उरकून घरी परतायचा. सरावाच्या या वेळेतच पुढचा सगळा घोळ दडलेला होता, आणि तो आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आला नाही.

शर्यतीच्या दिवशी मी आणि मेहुणी सामान सांभाळायला गेलो. माझी बायको आली नाही. "बुडाला तर फोन करा," ती म्हणाली, "नाहीतर जेवायला या."

सातला शिट्टी झाली आणि पाण्यात एकच खळबळ उडाली. शेकडो टोप्या, शेकडो हात, कोणाचा पाय कोणाच्या तोंडात. सगळ्यांच्या मागे, सुरक्षित अंतर ठेवून, एक टोपी नियमित उजवीकडे वळत चालली होती.

"तो बघा," मेहुणी म्हणाली. तिच्या हातातल्या पिशवीचा बंद ती सारखा गुंडाळत आणि सोडत होती. "आरशात बघतायत ना?"

"बघतोय."

"मग ठीक आहे." आणि ती काठाने चालायला लागली. तो पुढे सरकला की ही चार पावलं पुढे, तो रेंगाळला की ही चार पावलं मागे. मीही तिच्याबरोबर येरझाऱ्या घालू लागलो. अस्वस्थपणा संसर्गजन्य असतो असं डॉक्टर का सांगत नाहीत, कळत नाही.

वळणावर मोठा पिवळा फुगा तरंगत होता. सगळे त्याला चिकटून वळले. साडू आधी लांब बाहेर गेला आणि तिथून मोठ्ठा वळसा घालून आत आला.

"असं का?" मी विचारलं.

"भाऊजी, लांब गाडी अशीच वळवतात. मागचं चाक फुटपाथवर चढतं नाहीतर."

पाण्यातून तो शेवटच्या घोळक्यात बाहेर आला, डोळे लाल, ओठ निळे, पण चेहऱ्यावर आपण बुडालो नाही याचा रास्त अभिमान. सायकली मांडून ठेवल्या होत्या तिकडे तो धावला. बाकीचे लोक हेल्मेट चढवून उड्या मारत निघत होते. सतरा सायकलीपाशी थांबला. एकदा पुढून पाहिलं. एका बाजूने खाली वाकून पाहिलं. मागे गेला. टायरला लाथ मारली. दुसऱ्या बाजूने पुढे आला.

कठड्याबाहेरून मेहुणीने कपाळावर हात मारला. "अहो, ती सायकल आहे! डिझेल बघताय का?"

"डेपोतून काढायच्या आधी बघायचं असतं," असं तिला ठणकावून तो स्वार झाला.

सायकलच्या चार फेऱ्या होत्या. आम्ही मार्गाच्या मध्यावर, दवाखान्याच्या बसस्टॉपपाशी जाऊन उभे राहिलो. दुपारपर्यंत बस बंद असल्याची सूचना खांबावर डकवलेली होती आणि तिच्या बरोबर खाली, बाकावर, छत्री नि पुस्तकांची पिशवी घेऊन एक आजीबाई सतरा नंबरची वाट बघत बसल्या होत्या. त्यांच्या पलीकडे मोठी टोपी घातलेल्या एक उत्साही बाई होत्या. त्यांच्या हातात पितळी घंटा होती आणि जाणाऱ्या प्रत्येक सायकलस्वाराला त्या एक खणखणीत टोला देत होत्या.

सतरा आला. चांगला वेगात आला. गेल्या काही महिन्यांत त्याने पोट बरंच कमी केलं होतं आणि सायकलवर तो, खोटं कशाला बोलू, ऐटदार दिसत होता. मी हात उंचावला. तेवढ्यात त्याने वेग कमी केला, मागे पाहिलं, हाताने इशारा केला, सायकल अलगद कडेला घेतली आणि बरोबर स्टॉपच्या खांबाशी एक पाय टेकून उभा राहिला.

"अहो! काय झालं?" मेहुणी धावली. "पंक्चर?"

"नाही."

"पाय आखडला?"

"नाही."

"मग थांबलात का?"

"लवकर आलोय."

मेहुणीने स्टॉपच्या खांबाकडे पाहिलं. मला काही कळलं नाही. मी तसं म्हणालो.

"हा टाइमिंगचा स्टॉप आहे, साडूभाऊ," तो शांतपणे म्हणाला. शर्यत सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच तो शांत दिसत होता. "आठ सोळा. आत्ता आठ बारा झालेत. ड्रायव्हर उशिरा आला तर लोक शिव्या देतात. लवकर गेला तर लोक राहतात. वेळेआधी स्टॉप सोडायचा नाही."

"तू बस चालवत नाहीयेस!"

"मला माहीत आहे," तो म्हणाला. त्याने सायकलकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं, पेडलवरचा पाय उचलायचा प्रयत्न केला. पाय हलला नाही. त्याच्या तोंडावर घाम आला. "साडूभाऊ, निघवत नाहीये हो."

तेव्हा मला उलगडा झाला. पहाटेच्या सरावाला रस्ता होता पण वेळापत्रक सुरू झालेलं नसायचं. आज रविवारचं वेळापत्रक चालू होतं; बसगाड्या नव्हत्या, पण ते त्याच्या अंगात चालू होतं.

आजीबाई उठून जवळ आल्या. "सतरा का? वाचनालयाला जाते ना?"

"आज बंद आहे, आजी. शर्यत आहे."

"मग तुम्ही कशाला आलात?" त्यांनी त्याला वरून खाली न्याहाळलं. "आणि कपडे एवढे कमी का घातलेत?"

मोटरसायकलवरून एक पंच आला. "इथे का थांबलात? मदत हवीय?"

"नाही. चार मिनिटं आहेत."

"तुमच्याकडे? चार मिनिटं?" पंचाने मागच्या रस्त्याकडे पाहिलं. तिथे आता फार कोणी उरलं नव्हतं. "साहेब, तुमच्याकडे एकही मिनिट नाही."

मेहुणी मात्र आमच्याकडे बघतच नव्हती. ती टोपीवाल्या बाईंसमोर उभी होती.

"बाई, ती घंटा जरा द्या."

"अहो, मी सगळ्यांना उत्साह देतेय!"

"तुम्ही ब्रेक देताय. आणा इकडे."

पासच्या खिडकीवरचा आवाज होता तो. त्याला आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही. बाईंनी घंटा दिली. मेहुणीने ती डोक्यावर धरली आणि वाजवली. टण टण.

डबल बेल.

साडूचं डोकं निघायचं की नाही याचा विचार करत राहिलं. पाय निघून गेले. आम्ही बघेपर्यंत तो पुलाच्या पलीकडे होता. आजीबाईंनी विचारलं, "पुढची किती वाजता?"

त्यानंतरच्या प्रत्येक फेरीला तो दवाखान्याशी येऊन कडेला घ्यायचा, मेहुणी टण टण करायची आणि तो गाडी थांबायच्या आत निघायचा. दुसऱ्या फेरीला त्याने विचारलंही, "सगळे चढले?" मेहुणी म्हणाली, "चढले, दार लागलं, निघा!" ती घंटा धरून उभी होती आणि तिचे ओठ हलत होते, बहुधा मधले स्टॉप मोजत होती. तो नजरेआड झाला की ती रस्त्यात उतरून त्या दिशेला बघायची, पुन्हा वर यायची, पुन्हा उतरायची. एकदा मी म्हणालो, "बस ना थोडी." तिने माझ्याकडे असं पाहिलं की मीच बसलो.

"भाऊजी," ती थोड्या वेळाने म्हणाली, "तो आठवडा तुम्ही बघितला नाहीत. त्या पडद्यापुढचा. घरी आले की रोज जिन्यात बसायचे. घरात का येत नाही म्हटलं तर म्हणायचे, आत आलो की बसायला लागेल." घंटेचा लोलक तिने बोटांनी घट्ट धरून ठेवला होता, चुकून वाजू नये म्हणून. "हे आज राहिलं ना, तर जिन्यातच राहतील ते."

चौथी फेरी झाली तेव्हा सायकलवरचे सगळे निघून गेले होते आणि साडू शेवटून पहिला होता. मेहुणीने घंटा पुसून टोपीवाल्या बाईंना परत केली, आभारही मानले. सभ्यपणा नडतो तो असा.

पळायला जो वेळ उरला होता तो एखाद्या धडधाकट माणसाला पुरला असता. साडूचे गुडघे तर डॉक्टरकडून आधीच बदनाम झालेले. शिवाय आता त्याच्या मागे बस होती.

ही बस त्याच्याच डेपोची. शेवटच्या धावपटूच्या मागून सावकाश यायचं आणि ज्यांनी हात टेकले त्यांना आत घ्यायचं, एवढंच तिचं काम. या कामासाठी साहेबांनी विचारपूर्वक माणूस निवडला होता: गोगलगाय. डेपोतला सगळ्यात हळू ड्रायव्हर. त्याच्या पुढून आजवर हातगाड्या गेल्या आहेत.

"सतरा!" गोगलगाय खिडकीतून कोपर बाहेर काढून ओरडला. "ये की आत! एसी लावलाय."

"नको."

"केळी आहेत."

"नको म्हटलं ना."

"अरे, बघायला कोणी नाही. साहेब तिकडे तंबूत बसलेत. उभ्या उभ्या ये, बसू नकोस, मग तर झालं?"

बसमध्ये पाच-सहा दमलेले लोक केळी खात बसले होते. दुसऱ्या खिडकीत पुस्तकांची पिशवी मांडीवर घेऊन आजीबाई होत्या. गोगलगायीची बस दवाखान्यावरून जाताना त्यांनी हात केला होता आणि गोगलगायीने, ड्रायव्हरच तो, थांबवली होती. "काय हो," त्या साडूला म्हणाल्या, "तुम्ही अजून इथेच?"

साडूचं धावणं एव्हाना धावणं राहिलेलं नव्हतं. तो पुढच्या बाजूला पडत होता आणि दर वेळी एक पाय कसाबसा मधे येत होता. आम्ही कठड्याबाहेरच्या फुटपाथने त्याच्या बरोबरीने चाललो होतो. मला धाप लागली होती आणि तरी तो मागेच पडत होता, यावरून वेगाची कल्पना यावी. बसचं पुढचं दार त्याच्या खांद्याशी उघडं होतं आणि आतली थंड हवा त्याच्या मानेवर येत होती. मी पाहिलं, त्याने एकदा दाराच्या दांडीकडे पाहिलं.

मेहुणीनेही ते पाहिलं. नवऱ्याला म्हणाली, अगदी साध्या आवाजात, "अहो ड्रायव्हर, मागची गाडी तुम्हाला ओव्हरटेक करतेय."

साडूने उजवीकडे आरशात पाहिलं.

"कोण?" तो म्हणाला.

"गोगलगाय."

मी आयुष्यात बऱ्याच माणसांना अपमान गिळताना पाहिलंय, पण अपमान खाऊन कोणी एवढं ताजंतवानं झालेलं पाहिलं नव्हतं. त्याची मान वर आली. हात हलायला लागले. तोंडाने तो काहीतरी पुटपुटत होता; नीट ऐकल्यावर कळलं, स्टॉपची नावं होती. बाजार. दवाखाना. वाचनालय. वाचनालयाशी आजीबाई उतरल्या, तेवढ्यात गोगलगाय आणखी मागे पडला आणि आमच्या साडूने आघाडी घेतली.

शेवटच्या वळणानंतर कमान दिसली. कमानीवर मोठं घड्याळ होतं. चार तास पुरे व्हायला अगदी थोडा वेळ होता, पण होता. तो त्याने राखून आणला होता. कमानीजवळ साहेब पदकांच्या टेबलाशी उभे होते. त्यांनी हातातला पेला खाली ठेवला आणि चष्मा पुसला.

आणि कठड्याशी, सगळ्यात पुढे, टोपीवाल्या बाई होत्या. शेवटचा शूर वीर येताना पाहून त्यांना भरून आलं. त्यांनी घंटा दोन्ही हातांनी उंच धरली आणि सकाळपासून साठलेला सगळा उत्साह घालून एकच टोला दिला.

टण्ण.

साडू थांबला.

कमान चार-पाच पावलांवर होती. तो कडेला सरकला, पाय जुळवले आणि उभा राहिला. लोक ओरडायला लागले. चला, चला, अहो चला. त्याला ते सगळं ऐकू येत होतं. त्याचे डोळे आमच्यावर होते आणि त्या डोळ्यांत नियंत्रण कक्षाची सगळी भिंत दिसत होती. घड्याळातले आकडे पळत होते. टोपीवाल्या बाई गोंधळल्या आणि पुन्हा वाजवणार, एकच टोला, तेवढ्यात मी, वयाचा आणि ओळखीचा विचार न करता, त्यांच्या हाताला लटकलो.

मेहुणी कठड्याकडे धावली. पत्र्याचा कठडा होता, जाहिरातीचं कापड लावलेला. तिने हात उगारला आणि गर्दीच्या बसमध्ये बेलची दोरी सापडायची नाही तेव्हा जसा मागच्या पत्र्यावर मारायची तसा उघडा पंजा त्यावर मारला. धाड धाड.

"जाऊ द्या!"

साडू निघाला. एक, दोन, आणि तिसऱ्या पावलाला तो कमानीखाली पडला, पण पलीकडे पडला. घड्याळाने चार तास त्यानंतर दाखवले. मी स्वतः पाहिलं, टोपीवाल्या बाईंची माफी मागता मागता.

तो उताणा पडून आभाळाकडे बघत होता. त्याचा उजवा पाय निपचित होता. मी त्याला ओळखतो तेव्हापासून तो पाय स्थिर असलेला मी पाहिला नव्हता. मेहुणी शेजारी बसली आणि तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, लाल झालेल्या पंजाचा.

"उशीर झाला का?" त्याने विचारलं.

"नाही. टायमात आलात."

साहेबांनी पदक आणलं. त्यांना विनोद करायचा असावा, कारण तोंड उघडलं होतं, पण आजूबाजूला बघून त्यांनी ते मिटलं आणि पदक वाकून त्याच्या गळ्यात घातलं. "सोमवारी फेरतपासणी," ते म्हणाले. "मी स्वतः सांगतो डॉक्टरला."

"तिपाई, साहेब?"

"तिपाई असणारच हो. पण तुम्हाला काय आता तिपाईचं?"

आम्ही त्याला उठवून उभं केलं. साहेब जायला वळले आणि पुन्हा मागे आले. गोगलगायीने बस आणून नेमकी वाटेत उभी केली होती. कमान उतरवायला आलेला ट्रक तिच्यामुळे अडकला होता. "हा गोगलगाय कुठे चहाला गेला देव जाणे," साहेब म्हणाले. खिशात हात घालून ते थोडे घुटमळले. "सतरा, तेवढी गाडी दहा फूट मागे घेता? किल्ली आतच आहे."

साडूने माझ्याकडे पाहिलं. साहेबांनी गाडी घ्या म्हटलं होतं. एवढ्या महिन्यांत ते शब्द ऐकायला तो तळ्याचं पाणी प्यायला होता. पाठ ताठ करून, पदक सरळ करून, तो बसकडे चालत गेला, मी मागोमाग. मेहुणी न सांगता बसच्या मागे जाऊन उभी राहिली, हात पत्र्यावर टेकवून. साहेब ट्रकवाल्याशी बोलायला लागले.

साडूने दाराची दांडी धरली. दुसऱ्या हाताने सीटची कड धरली. उभा राहिला. बराच वेळ खालीच, तसाच उभा राहिला.

"साडूभाऊ," तो हळूच म्हणाला, "साहेब बघतायत का इकडे?"

"नाही."

"मग हा डावा पाय तेवढा उचलून पायरीवर ठेवता का?"